नवा गडी, जुनं राज्य

लंडनमध्ये संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हा खामगावात हिवाळ्यात रात्रीचा दीड झालेला असतो, उन्हाळ्यात साडेबारा. ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या खेळाचं सगळं जग लंडनमधल्या संगणकांवर चालतं आणि त्यातले जुने, जाणते खेळाडू बहुतेक युरोप-अमेरिकेतले. ते कामावरून घरी येऊन, जेवून, नव्यांना शिकवायला बसतात तोवर जलंबच्या फाट्यावरून खामगावात येणारी शेवटची गाडीसुद्धा झोपलेली असते. त्यामुळे इथल्या पोरापुढे दोनच वाटा उरतात. रात्र जागवायची, नाहीतर दुपारी ओस पडलेल्या अंतराळात एकट्याने चाचपडायचं. ‘फायनल फँटसी फोर्टीन’ या दुसऱ्या ऑनलाइन खेळाची संगणककेंद्रं जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियाकडे आहेत; भारतात एकही नाही.

नव्या खेळाडूचं स्वागत हा विषय निघाला की बोलणं लगेच सभ्यतेवर येतं. नव्याला ‘नूब’ म्हणून हिणवू नका, प्रश्न विचारला तर उत्तर द्या, थोडा धीर धरा. यात चूक काहीच नाही. पण भूमिका घेऊन खेळायच्या ऑनलाइन खेळांचा जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास समोर ठेवला तर दिसतं ते वेगळंच. जिथे नवे टिकले तिथे जुने लोक फार गोड होते असं नाही. कित्येक ठिकाणी ते चांगलेच उद्धट होते. तिथे नव्याला पहिल्याच दिवशी करण्याजोगं काहीतरी खरं काम मिळालं, आणि ते दाखवायला कालपरवाच नवा असलेला कुणीतरी शेजारी होता. ही दोन्ही जिथे नव्हती तिथे स्वागताच्या पाट्या लावूनही माणसं निघून गेली.

सुरुवात इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठातून होते. १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला आणि नंतर तो रिचर्ड बार्टलने पुढे नेला. चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. ‘उत्तरेला जा’ असं टंकायचं आणि खोलीचं वर्णन वाचायचं. पुरेसे गुण मिळवले की खेळाडू ‘विझर्ड’ व्हायचा, म्हणजे त्याच्या हाती जवळपास दैवी सत्ता यायची. अशा जगात माणसं मोजकी आणि एकमेकांना ओळखणारी, त्यामुळे नव्याचं काय करायचं हा प्रश्न वेगळा उभाच राहिला नाही. नवा आला की सगळ्यांना कळायचं. कुणी त्याला हाताशी धरायचा, कुणी गंमत म्हणून मारून टाकायचा. बार्टलने १९९६ मध्ये एक लेख लिहून खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले: मिळवणारे, शोधणारे, गप्पा मारणारे आणि मारणारे. हे वर्गीकरण आज शाळकरी पाठांतरासारखं सगळीकडे फेकलं जातं. त्यातली खरी मेख अशी की या चार जाती एकमेकांची संख्या कमीजास्त करत असतात. मारणारे वाढले की गप्पा मारणारे पळतात. मग नव्याला सांभाळणार कोण?

याचं उत्तर १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ने फार महागात शिकवलं. हजारो माणसं एकाच वेळी एका जगात सोडली आणि शहराच्या वेशीबाहेर पडलेला प्रत्येक नवखा अनुभवी लुटारूंचं सावज झाला. हरणाच्या मागे धावणारा नवा गडी दहा पावलांत मरायचा आणि त्याचे कपडेही काढून नेले जायचे. खेळाचा कर्ता रिचर्ड गॅरियट स्वतः राजाच्या वेशात चाचणीच्या काळात एका खेळाडूच्या हातून मेला, हा किस्सा अजून सांगितला जातो. पण राजाला मारणं ही गंमत होती आणि रोज हजार नवख्यांना मारणं हा धंदा. कंपनीने २००० मध्ये जगाच्या दोन प्रती केल्या. एकीत संमतीशिवाय कुणी कुणावर वार करू शकत नव्हता, दुसरीत जुनाच कायदा. बहुतेक लोक सुरक्षित प्रतीत राहायला गेले. तिने खेळाचा जीव घेतला असं म्हणणारे जुने खेळाडू आजही भेटतात. मला ते निम्मं पटतं. संरक्षण देणं कंपनीच्या हातात असतं आणि ते तिने द्यायलाच हवं. पण न मारणं म्हणजे स्वागत नव्हे.

पुढच्या कंपन्यांनी मात्र याच समीकरणावर विश्वास ठेवला. २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने नव्यासाठी इतकी गुळगुळीत वाट बांधली की कुणाला काही विचारायची गरजच पडू नये. २००६ मध्ये निकोलस डुशनो आणि निक यी यांच्यासह काही संशोधकांनी या खेळातल्या पात्रांच्या हालचालींचा मागोवा घेतला. लोक बराच वेळ, विशेषतः सुरुवातीच्या पातळ्यांवर, एकटेच खेळत होते. इतर खेळाडू त्यांना लागत होते ते प्रेक्षक म्हणून, आजूबाजूची वर्दळ म्हणून. २००९ च्या डिसेंबरात अनोळखी पाच जणांची टोळी आपोआप जुळवून देणारी सोय आली आणि टोळी बांधण्यासाठी ओळख काढण्याची उरलीसुरली निकडही संपली. २०२० मध्ये याच खेळाला नवख्यांसाठी गप्पांची वेगळी वाहिनी आणि ‘मार्गदर्शक’ ही पदवी काढावी लागली. आधी माणसांची गरज काढून घेतली, मग ती पदवीच्या रूपाने परत आणून बसवली.

या पार्श्वभूमीवर ‘ईव्ह ऑनलाइन’कडे जरा थांबून पाहायला हवं, कारण नव्यासाठी याहून निर्दयी खेळ शोधून सापडणार नाही. २००३ पासून चालू असलेल्या या खेळात फसवणूक नियमबाह्य नाही. कुणी तुमच्या गटात वर्षभर विश्वासाने राहून तिजोरी घेऊन पळाला तर कंपनी हात झटकते. कौशल्यं प्रत्यक्ष घड्याळाच्या वेळेनुसार शिकली जातात, त्यामुळे काल आलेला माणूस दहा वर्षांपूर्वी आलेल्याला त्या हिशेबात सहसा गाठू शकत नाही. नवख्यांच्या पहिल्या काही सूर्यमालांत त्यांना लुटायला बंदी आहे, पण ती वेस ओलांडली की रान मोकळं.

आणि नेमकं याच खेळात खेळाडूंनी स्वतःहून शाळा काढली. ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’ मार्च २००४ मध्ये सुरू झाली आणि अजून चालू आहे. ती कुणाच्या बाजूची नाही. नव्याला घेते, जहाज कसं सजवायचं, व्यापार कसा करायचा, ताफ्यात आज्ञा कशी पाळायची ते शिकवते, आणि शिकलेले लोक दुसऱ्या, बहुधा मोठ्या संघटनांत निघून जातात याला तिची हरकत नसते. तिने जमवलेला माहितीकोश शत्रूलाही खुला आहे. तिच्यावर वेळोवेळी युद्धं पुकारली गेली, कारण शिकाऊ पोरांचा ताफा हे सोपं लक्ष्य. पण प्रत्येक युद्धाचा एक धडा होत गेला.

शाळेपेक्षाही मोलाची मला वाटते ती एक छोटी गोष्ट. ईव्हमधल्या लढाईत सर्वात स्वस्त, सर्वात लहान जहाजाला एक काम असतं: शत्रूच्या अवाढव्य जहाजाला चिकटून त्याला पळू न देणं. याला ‘टॅकल’ म्हणतात. हे काम करायला वर्षांची कौशल्यं लागत नाहीत, काही दिवसांची पुरतात. जहाज फुटणार हे जवळपास ठरलेलं असतं, पण ते इतकं स्वस्त असतं की जुना गडी हसत नवं देतो. तुझ्यामुळे ते महाकाय जहाज अडकलं, असं पहिल्या आठवड्यात ज्याला ऐकायला मिळतं तो दुसऱ्या आठवड्यातही येतो. २००५-०६ च्या सुमारास ‘गूनस्वार्म’ या टोळीने याच जोरावर नवख्यांचे थवेच्या थवे स्वस्त जहाजांत बसवून ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या बलाढ्य संघावर सोडले. तो संघ शेवटी २००९ च्या फेब्रुवारीत फुटला तो अर्थात थव्यांमुळे नाही, आतल्याच एका पदाधिकाऱ्याने पलीकडे जाऊन संघटनाच विसर्जित केली म्हणून. पण नवखा हे ओझं नसून बळ असू शकतं, हे त्या दरम्यान सगळ्यांनी पाहिलं होतं. पुढे २०१३ मध्ये ‘ब्रेव्ह न्यूबीज’ नावाचा गट निघाला, त्याने नवखेपणाच नावात मिरवला. आणि या गूनस्वार्मची भाषा ऐकाल तर कान झाकून घ्याल. सौजन्याचा लवलेश नाही. तरी माणसं टिकत होती.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये शिकण्याविषयी जे पुस्तक लिहिलं त्यात लायबेरियातल्या शिंप्यांचं उदाहरण आहे. तिथे उमेदवार आधी कापड बेतायला शिकत नाही. आधी शेवटची कामं: काज-बटणं, शिवणीची किनार. तयार कपडा कसा दिसतो हे हाताला कळलं की मागे मागे जात बेतण्यापर्यंत पोचायचं. बटण चुकलं तर उसवता येतं, कापड चुकीचं कापलं तर गेलं. टॅकल हे त्या खेळातलं बटण लावणं आहे. कॉन्स्टन्स स्टाइनक्युलर या अमेरिकी संशोधिकेने २००४ मध्ये ‘लिनिएज’ या खेळात जुनी खेळाडू नव्याला कशी शिकवते हे बारकाईने नोंदवलं, तिथेही व्याख्यान नव्हतं. दोघं बरोबर शिकारीला निघतात, जुनी करता करता बोलते, अडलं तिथेच आणि तेवढंच सांगते. आपल्याकडे ‘गाइड’ म्हटलं की पन्नास मिनिटांचा व्हिडिओ पाठवून मोकळं होण्याची चाल आहे. त्याने पाठवणाऱ्याचं समाधान होतं, पाहणाऱ्याचं फारसं काही होत नाही.

आता पदव्या आणि बक्षिसं. ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये नव्याच्या नावाशेजारी हिरवं रोपटं दिसतं आणि मार्गदर्शकाच्या नावाशेजारी मुकुट. २०१६ मध्ये दोघांसाठी गप्पांची सामाईक वाहिनीही आली. कल्पना देखणी आहे. पण मुकुट मिळतो तो मोजणीवर: इतक्या गुहा पार केल्या, सहखेळाडूंकडून १५०० शाबासक्या मिळाल्या. शिकवता येतं का, हे कुणी पाहत नाही. त्यातच, मार्गदर्शकांच्या खास सोडतीतून २००० मोहिमा पूर्ण करणाऱ्याला एक दुर्मीळ उडता घोडा मिळतो. व्हायचं तेच झालं. घोड्यासाठी मुकुट घालणारे वाढले, आणि नवखा अडखळला की मोहीम लांबते म्हणून त्याच्यावर वैतागणारा मार्गदर्शक हा त्या खेळातल्या चेष्टेचा कायमचा विषय झाला. मुकुट पाहिला की लांब राहा, असं जुने लोक नव्यांना सांगतात. रोपटं मात्र नीट काम करतं. ते पाहून इतर खेळाडूंचा सूर आपोआप मऊ होतो, आणि त्यासाठी कुणाला काही द्यावं लागत नाही.

बक्षीस नको, मग निव्वळ सेवा? इथेही इतिहास सावध करतो. अल्टिमामध्ये नवख्यांना मदत करणारे ‘काउन्सेलर’ स्वयंसेवक होते. त्यांच्या पाळ्या लावलेल्या, वर पर्यवेक्षक, अहवाल लिहायचा, आणि बदल्यात खेळाची वर्गणी माफ. २००० च्या सुमारास त्यांच्यातले काही जण कोर्टात गेले: हे काम आहे, मग मजुरी कुठे? अमेरिका ऑनलाइन या कंपनीवरही तिच्या स्वयंसेवकांनी १९९९ मध्ये असाच दावा लावला होता. तो २०१० मध्ये दीड कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला. खामगावच्या माणसाला यात गोंधळ वाटण्याचा संभव आहे, कारण अर्ध्या तासावरच्या शेगावात गजानन महाराज संस्थानाचे हजारो सेवेकरी विनावेतन, पाळीपाळीने येऊन राबतात आणि मजुरीचा शब्दही कुणाच्या मनात येत नाही. पण फरक उघड आहे. शेगावात सेवेकऱ्याच्या घामातून कुणा भागधारकाला लाभांश मिळत नाही. कंपनीने पाळी लावली, हजेरी घेतली, आणि त्या मदतीवर वर्गणीदार टिकवले, तर ती नोकरीच आहे. तिला सेवा म्हणणं ही चलाखी. खेळाडूंनी आपल्या गटासाठी, आपल्या मर्जीने केलेली मदत मात्र दुसऱ्या जातीची. ईव्ह युनिव्हर्सिटी कंपनीची नाही हे तिच्या टिकण्याचं एक कारण असावं असं मला वाटतं.

भारतात ‘रोलप्ले’ म्हणून जे पोरांच्या तोंडी आहे ते यांपैकी काहीच नाही. ते म्हणजे ‘जीटीए फाइव्ह’चं शहर खासगी सर्व्हरवर उभं करून त्यात पोलीस, डॉक्टर, मेकॅनिक, गुंड होऊन राहणं. हे ज्यावर चालतं त्या ‘फाइव्हएम’च्या कर्त्यांची खाती ‘जीटीए’ काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीने २०१५ मध्ये बंद केली होती आणि २०२३ मध्ये त्याच कंपनीने त्यांना विकत घेतलं, हाही एक मजेदार प्रवास. टाळेबंदीच्या काळात भारतीय सर्व्हर फोफावले. पब्जीवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आल्यावर थेट प्रक्षेपण करणाऱ्या अनेकांनी या शहरांत मुक्काम हलवला आणि त्यांच्यामागे त्यांचे प्रेक्षक आले.

इथे नव्याची परीक्षाच वेगळी. नेम कसा धरायचा हे शिकून भागत नाही. पात्र म्हणून बोलायचं आणि स्वतः म्हणून गप्प राहायचं हे शिकावं लागतं. प्रक्षेपणात पाहिलेली बातमी आपल्या पात्राला ठाऊक आहे असं वागलं की ‘मेटागेमिंग’. समोरच्याला उत्तर द्यायची संधीच न ठेवता आपलंच खरं केलं की ‘पॉवरगेमिंग’. कारण नसताना गोळी घातली, गाडी अंगावर घातली, की थेट बॅन. म्हणून नावाजलेल्या सर्व्हरांवर ‘व्हाइटलिस्ट’ असते: अर्ज भरा, पात्राची कहाणी लिहा, नियमांवरच्या प्रश्नांची उत्तरं द्या, कुठे कुठे मुलाखतही. हे दार अवघड असण्याला मानसशास्त्राचा एक जुना आधार दिला जातो. अॅरनसन आणि मिल्स यांनी १९५९ मध्ये दाखवलं की गटात शिरताना ज्यांना अधिक लाज-त्रास सोसावा लागला त्यांना पुढे तोच कंटाळवाणा गट अधिक आवडला. हा निष्कर्ष खरा आणि धोकादायकही. रॅगिंगचं समर्थन करणारे सीनियर अगदी हेच सांगत असत, आणि महाराष्ट्राला १९९९ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्या प्रयोगात जे आत आले त्यांचंच मत विचारलं होतं. दारातून परत गेलेल्यांच्या आवडीनिवडी कुणी मोजल्या नाहीत.

अर्ज असावा, पण अर्जाने काय गाळलं जातंय ते पाहावं. खामगाव, नांदुरा, मेहकरकडच्या पोराची अडचण नियम न कळणं ही क्वचितच असते. तो प्रक्षेपणं पाहून पाहून नियम कोळून प्यालेला असतो. अडचण येते माइक उघडल्यावर. भारतीय सर्व्हरांची बोली मुंबई-दिल्लीच्या वळणाची हिंदी, मध्ये इंग्रजी. वऱ्हाडी बोलणारं पोरगं ‘काहून बावा’ म्हणालं की पलीकडे हशा. हशा दुष्टपणाचाच असतो असं नाही, पण दोनदा झाला की पोरगं माइक बंद ठेवून मुकं पात्र घेतं, आणि बोलण्यावरच उभ्या असलेल्या खेळात मुका माणूस टिकणार किती? उलट, ज्या मोजक्या ठिकाणी एखादा चतुर जुना गडी त्याच बोलीला पात्र करून टाकतो, बस स्टँडवरचा रिक्षावाला, अडत्याचा मुनीम, ढाब्याचा मालक, तिथे हाच वऱ्हाडी सूर सगळ्या शहराच्या कौतुकाचा होतो. नव्याला त्याच्याजवळ आधीपासून असलेल्या गोष्टीतून काम देणं, ही मार्गदर्शनातली मला सर्वात वरची पायरी वाटते. तिला ना लेव्हल लागते ना मुकुट.

अर्थात हे सगळं संगणक असलेल्यांचं. आपल्याकडे खेळ मुख्यतः फोनवर चालतो, आणि फुकट. फुकट खेळण्यात आणखी एक अदृश्य दार आहे. फायनल फँटसीची फुकट आवृत्ती २०२३ पासून सत्तराव्या पातळीपर्यंत मुभा देते, जे खूपच उदार आहे; पण फुकट खेळणाऱ्याला गटात सामील होता येत नाही, स्वतःहून कुणाला खासगी निरोप धाडता येत नाही. खेळातलं सोनं विकणाऱ्या ठगांना रोखण्यासाठी हे केलं आहे, कारण समजण्यासारखं. परिणाम असा की वर्गणी न परवडणारा नवखा शेकडो तास खेळतो आणि एकाही गटाचा होत नाही. फोनवर चालणाऱ्या ‘अल्बियन ऑनलाइन’ने २०२३ मध्ये आशियासाठी वेगळा सर्व्हर काढला, तिथे निदान घड्याळाची अडचण मिटली.

घरच्यांचा विरोध हा वेगळाच अडथळा. रमीसारखे पैसे लावण्याचे खेळ आणि भूमिकेचे खेळ आईवडिलांच्या लेखी एकच असतात: मोबाइलवरचा जुगार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावण्याच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे खेळ त्यांपासून वेगळे काढले. हा फरक घरात समजावून सांगणं, हेही आता जुन्या खेळाडूच्या कामात येतं.

पण आईवडिलांची एक भीती मात्र पोकळ नाही. नव्याला हाताशी धरणारा अनोळखी मोठा माणूस म्हणजे गुरूच असेल असं नाही. ‘रोब्लॉक्स’वरचं ‘ब्रुकहेवन’ हे २०२० पासूनचं खोट्या संसाराचं गाव शाळकरी पोरांनी भरलेलं असतं, आणि मुलांना फूस लावणाऱ्यांच्या तक्रारींमुळे त्या कंपनीला २०२४ च्या नोव्हेंबरात तेरा वर्षांखालच्यांच्या खासगी निरोपांवर बंधनं आणावी लागली, पालकांना लांबून लक्ष ठेवण्याची सोय द्यावी लागली. मार्गदर्शनाच्या नावाखाली एकाला एक, बंद खोलीत, रात्री उशिरा बोलणं हे जिथे रूढ झालं आहे तिथे वाईट माणसाला वेगळं काही करावंच लागत नाही. ईव्ह युनिव्हर्सिटीसारखे वर्ग खुल्या वाहिनीत भरतात आणि कुणीही येऊन ऐकू शकतो, याचा हा फायदा फारसा बोलला जात नाही. अल्पवयीनाला शिकवायचं ते चारचौघांत, फोटो-फोन नंबर मागायचा नाही, भेटवस्तू गटाच्या तिजोरीतून द्यायची, वैयक्तिक नाही. एवढं नियमावलीत लिहायला चार ओळी पुरतात. मी वाचलेल्या बहुतेक भारतीय सर्व्हरांच्या नियमावल्यांत सिग्नल तोडल्यावर किती दंड हे तपशीलवार होतं, या चार ओळी नव्हत्या.